कोल्हापूरचे आपण नेमके केव्हा झालो? अनुभव सांगावेत

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंक्तीत शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी मला "तुम्ही कुठले?" असे विचारले. मी "इथलाच, कोल्हापूरचा" म्हणताच त्यांचा पुढचा प्रश्न आला, "कुठली पेठ? कुठली तालीम?" माझा जन्म आणि शिक्षण इथलेच, पण वडील नोकरीनिमित्त आले आणि राजारामपुरीत भाड्याने राहिले, त्यामुळे मला सांगण्यासारखी पेठही नव्हती आणि तालीमही नव्हती. ते गृहस्थ सौम्यपणे "असू दे, असू दे" म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हते हे मला ठाऊक आहे, तरीही ते "असू दे" माझ्या मनातून जात नाही.

तांबडा-पांढरा रस्सा आवडणे, मिसळीबरोबर पाव न मागता ब्रेडचे स्लाइस खाणे, गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध उभ्याने पिणे, हे सगळे पाहुण्यालाही चार दिवसांत जमते. म्हणून माझी विनंती अशी की, ज्या प्रसंगानंतर हे गाव आपले आहे याविषयी तुमच्या मनात शंका उरली नाही, तो प्रसंग लिहावा. आणि शंका अजून असेल, तर तीही लिहावी.

शिवाजी पेठेतून

आमच्या चार पिढ्या शिवाजी पेठेत गेल्या, त्यामुळे मी स्पष्ट लिहितो. पेठ आणि तालीम विचारण्यामागे कोणाला कमी लेखण्याचा हेतू नसतो. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा एवढेच नव्हे. घरात मयत झाली तर रात्री दोन वाजता कोण धावून येईल, मुलीच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत कोण राबेल, याचे उत्तर आमच्याकडे तालमीच्या नावाने दिले जाते. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा फुटबॉल सामना असला, तर निकाल कळेपर्यंत माझे वडील जेवायला बसत नसत. 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी गणेशोत्सव आणि मोहरम एकाच सुमारास आले, तेव्हा शहरातल्या कित्येक तालमींत गणपती आणि पंजे एकाच छताखाली बसले होते आणि त्याचे कोणालाही विशेष वाटले नाही, कारण आमच्या आजोबांनीही तेच पाहिले होते.

हे लहानपणापासून अंगात मुरावे लागते, असे माझे मत आहे. बाहेरून आलेला माणूस या गावावर जिवापाड प्रेम करू शकतो, हे मला मान्य आहे. पण प्रेम करणे वेगळे आणि मुरणे वेगळे.

मंगळवार पेठेतून

वरच्या मताचा आदर राखून लिहिते. मी लग्न होऊन 2004 साली अमरावतीहून इथे आले. इथल्या बायका "मी आलो", "मी जेवलो", "मी बाजाराला जातो" असे बोलतात, हे ऐकून पहिले सहा महिने मला हसू आवरत नसे, आणि ते हसू सासूबाईंना लागत असे, हे मला फार उशिरा कळले. माझ्या माहेरच्या शुद्ध बोलण्याचा मला अभिमान होता. आज त्या अभिमानाची लाज वाटते, कारण ज्या भाषेत मला त्या घराने "ये, बस, जेव" म्हटले, त्याच भाषेला मी हसत होते.

आषाढात पंचगंगेला नवीन पाणी आले की ते कलशांत भरून टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोली देवीला नेतात. पुढे "पी ढबाक"चा ताल आणि मागे डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, अशी ती मिरवणूक असते. चौथ्या वर्षी सासूबाईंचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी काही न बोलता आपला कलश माझ्या डोक्यावर ठेवला. अर्धे अंतर चालेपर्यंत मान भरून आली होती, पण खाली ठेवावासा वाटला नाही. त्या संध्याकाळी आईला फोनवर मी म्हटले, "अगं, आत्ताच टेंबलाईवरनं आलो." पलीकडे आई क्षणभर गप्प झाली आणि मग तिने विचारले, "कोण आलो?"

गांधीनगरहून

माझे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून वळिवड्याच्या छावणीत, म्हणजे आजच्या गांधीनगरात, आले. ज्या बराकीत त्यांनी संसार मांडला, त्या त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेले आणि तिथून कसेबसे सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यातही मुख्यतः बायका आणि मुले, 1943 ते 1948 या काळात तिथे राहिले होते. त्यांची मुले इथेच शाळेत गेली आणि इथेच मोठी झाली. ती मुले म्हातारपणी इथे परत आली आणि आपली जागा शोधत वळिवड्यात फिरली. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि तिकडे वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

माझे आजोबा शेवटपर्यंत मोडके मराठी बोलले. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गिऱ्हाइके आजही मला "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारतात. मी सिंधमधल्या गावाचे नाव सांगत नाही, कारण ते गाव मी पाहिलेले नाही. मी "वळिवड्याचा" असे सांगतो. ज्यांना पाच वर्षांनी जावे लागले, त्यांनाही हे गाव आयुष्यभर आपले वाटले, तर तिसऱ्या पिढीने आणखी कोणता दाखला द्यायचा, हा प्रश्न मी शिवाजी पेठेतल्या वडीलधाऱ्यांना आदरपूर्वक विचारतो.

नागाळा पार्कातून

मी मूळचा धारवाडचा. घरात कन्नड बोलतो, मराठी इथे आल्यावर शिकलो. जून 2019 मध्ये बदली होऊन आलो आणि दोनच महिन्यांत महापूर आला.

पूर म्हणजे नदीकडून समोरून पाणी येते, अशी माझी समजूत होती. इथे तसे होत नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचे पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते मागे फिरते आणि ज्या दिशेला नदीच नाही, त्या दिशेने गल्लीत शिरते. शेजारच्या काकूंनी आदल्या संध्याकाळी "सामान वर घ्या" म्हणून तीनदा सांगितले होते आणि मी तीनही वेळा मान डोलावून आत आलो होतो. पहाटे उठलो तेव्हा दिवाणखान्यात गुडघाभर पाणी होते. माझी पुस्तके, मुलीचे दप्तर, गॅसची शेगडी, काहीच वाचले नाही. आम्हाला होडीतून बाहेर काढणारी मुले कोणत्या तालमीची होती, हे मी विचारलेही नाही, आणि ही चूक मला अजून टोचते.

पुढचे काही दिवस आम्ही एका शाळेत काढले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, गावात भाजी नाही, दूध नाही, आणि उपसा केंद्रे बुडाल्यामुळे सगळीकडे पाणी असूनही नळ कोरडे होते. शाळेच्या पटांगणात बायका भाकऱ्या थापत होत्या. मी नुसता बसून होतो. एका आजींनी माझ्यापुढे पिठाची परात सरकवली आणि "मळायला येतंय का?" असे विचारले. येत नव्हते, पण त्या दिवशी शिकलो.

बदलीची मुदत संपली तेव्हा मी ती पुढे वाढवून घेतली. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढू लागले, तेव्हा आमच्या इमारतीत पुण्याहून नुकतेच राहायला आलेले एक तरुण जोडपे होते. मी त्यांचे दार तीनदा वाजवले. चौथ्यांदा विचारणेच सोडले आणि त्यांचा फ्रिज स्वतः जिन्यावर चढवू लागलो.

दसरा चौकातून

मी भुदरगड तालुक्यातला. शाहू महाराजांनी 1901 सालापासून एकेक समाजासाठी वसतिगृहे उभी केली, कारण खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी अंग टाकायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. अशाच एका बोर्डिंगात मी पाच वर्षे राहिलो. या गावाने मला आधी जागा दिली आणि मग कुठला म्हणून विचारले. इतकेच सांगायचे होते.

खासबागेजवळून

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी संगीत रंगभूमीवरचे नट केशवराव यांची जयंती होती. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ती वास्तू. मी हौशी नाटकांत तिथे फक्त दोनदा उभा राहिलो, आणि दोन्ही वेळा माझ्या वाट्याला एकेक वाक्य होते. तरी त्या रात्री मी अनवाणी धावत गेलो. रस्त्यावर शेकडो माणसे उभी होती, त्यात नटही होते आणि कधीच तिकीट न काढलेले हातगाडीवालेही होते. माझ्या शेजारी एक अनोळखी माणूस रडत होता. आम्ही दोघे एकमेकांचा हात धरून पहाटेपर्यंत उभे राहिलो आणि नाव न विचारताच आपापल्या घरी गेलो.

जर्मनीहून

अकरा वर्षे झाली मी इथे आहे. जुलै लागला की सकाळी डोळे उघडताच मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे आकडे मला माझ्या इथल्या घराच्या पत्त्याइतके पाठ आहेत. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे कळले की पाणी गावात केव्हा पोहोचेल याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. आईला फोन करतो, तेव्हा "कशी आहेस" हे विचारण्याआधी "पाणी किती फुटांवर?" असे माझ्या तोंडून निघते. तीही जेवणाचे काही विचारत नाही. "एकेचाळीस. चिखलीची माणसं हलवायला लागलेत," असे सांगते, आणि मग आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोलत नाही.