अभ्यासक्रम लखनौचा, खर्च गल्लीचा

मदरशांचा साचा आखातातून आला आणि पैसाही तिथलाच, असं म्हटलं जातं, ते मला अर्धवट वाटतं. सौदी अरेबियातल्या मदिनेच्या विद्यापीठात शिकून आलेल्यांचा प्रभाव आहे, नाही असं नाही. पण भारतातल्या बहुतेक मदरशांत शिकवला जाणारा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महल या विद्याकेंद्रात मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी घडवला, आणि त्यात तर्कशास्त्र होतं, युक्लिडची भूमितीसुद्धा होती. १८६६ साली देवबंदचा मदरसा सुरू झाला तेव्हा ठरलेले वर्ग, वार्षिक परीक्षा, लोकवर्गणीचा छापील हिशेब ही पद्धत इंग्रजी अमलातल्या संस्थांकडे बघून आली. शिवाय मदरसा (पूर्णवेळ धार्मिक शाळा) आणि मकतब (रोजचा तासाभराचा कुराण-वाचनाचा वर्ग) यांत गल्लत नको. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानुसार शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी तीन-चार टक्केच.

आमच्या सोलापुरात मुलं शाळेआधी नाहीतर संध्याकाळी तासभर मशिदीतल्या मकतबात बसतात. हातात नूरानी कायदा हे अक्षरओळखीचं पुस्तक, त्यातली अक्षरं अरबी, पण जबर-जेर-पेश ही स्वरचिन्हं समजावताना उस्तादांच्या तोंडी आपली दखनी उर्दूच, 'ऐसा नक्को पढो' वगैरे. मग तीच मुलं दप्तर उचलून मराठी किंवा उर्दू शाळेत. खर्च निघतो रमजानमधल्या वर्गणीच्या पावती-पुस्तकांवर, जकातीवर (म्हणजे धर्माने नेमून दिलेल्या दानावर). बकरी ईदला गोळा होणारी कातडीही मदरशांची मोठी मिळकत होती. गेल्या काही वर्षांत चामड्याचे भाव असे कोसळले की कातडं उचलायला माणूस येईना. जगाच्या बाजाराचा फटका बघायचा असेल तर तो इथे बघा. त्यात उस्तादांचा पगार आधीच तुटपुंजा, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही.