इंजिन चालू झालं की बाईकच्या स्टिरिओत शिट्टी येते, वेग घेतला की बेस गायब – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाईकला स्टिरिओ बसवून घेतला आहे. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली ऑन असताना आवाज इतका स्वच्छ की तबल्यावरची शाई आणि चाट वेगळी ओळखू येते. स्टार्टर मारला की स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू होते. रेस दिली की तिची पट्टी चढते, सोडली की उतरते. गाणं पॉज केलं तरी ती चालूच, आणि फोनचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तिचा जोर तसूभरही कमी होत नाही.

दुसरं दुखणं रस्त्यावरचं. वेग साठच्या पुढे गेला की खालचे सूर ऐकूच येत नाहीत. ढोलकी जाते, बासरी तेवढी उरते. इक्वलायझरमध्ये बेस वाढवला की स्पीकर फाटल्यासारखा वाजतो.

जोडणी अशी आहे. सीटखाली क्लास-डी ॲम्प (ॲम्प्लिफायर). पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज. अर्थ (निगेटिव्हची वायर) मात्र बॅटरीला नाही, सीटखालच्या फ्रेमच्या बोल्टला दिलेला आहे. फेअरिंगमध्ये 4 इंची, 4 ओहमचे दोन स्पीकर, त्यांची मागची बाजू उघडीच. फोन हँडलवर. चार्जिंग आणि ऑक्स (फोनचा आवाज ॲम्पकडे नेणारी केबल) एकत्र देणारा अ‍ॅडॉप्टर लावलाय, त्यातली चार्जिंगची बाजू हँडलवरच्या यूएसबी सॉकेटला जाते. सॉकेटची लाईन हेडलाईटपाशी काढलेली आहे, त्याचा अर्थही तिथलाच. ऑक्सची केबल टाकीखालून, मेन वायरिंगच्या गठ्ठ्याला टाय लावून मागे नेली आहे.

मीटर लावून पाहिलं. बॅटरीवर इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, आयडलिंगला 13.2, रेस दिल्यावर 14.3. म्हणजे चार्जिंग ठीक दिसतंय. दुकानात सांगितलं की ॲम्प बदला, मोठा घ्या. इंजिन बंद असताना हाच ॲम्प इतका छान वाजतो, तर दोष त्याचा कसा, हे मला पटत नाही. शिट्टी कुठून घुसते हे कसं शोधायचं? पॉवर लाईनला फिल्टर लावावा का? आणि बेससाठी खरंच जास्त वॅटचा ॲम्प लागेल का? मागे बसणाऱ्यालाही ऐकायचं असतं, त्यामुळे हेल्मेटमधले स्पीकर हा पर्याय आमच्या उपयोगाचा नाही.

प्रतिसाद १

ॲम्प बदलू नका. पट्टी रेसबरोबर चढते म्हणजे शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या भागाची आहे. त्यातला फिरणारा रोटर क्रँकवरच बसलेला असतो. समजा त्यावर 12 पोल आहेत आणि इंजिन 3000 आरपीएमवर आहे. मग सेकंदाला 50 फेरे, प्रत्येक फेऱ्यात 6 आवर्तनं, म्हणजे 300 हर्ट्झ. तीन फेज रेक्टिफाय झाल्यावर (एसीचा डीसी झाल्यावर) त्याची सहापट, 1800 हर्ट्झची लहर डीसीवर उरते. नेमकी कानाला बोचणारी पट्टी! शिवाय बऱ्याच गाड्यांचा रेग्युलेटर शंट प्रकारचा असतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचलं की तो स्टेटरच्या (अल्टरनेटरच्या स्थिर कॉइलच्या) फेज शॉर्ट करतो, आणि त्या प्रत्येक उघडझापीचा झटका वायरिंगमध्ये फिरतो.

पण व्हॉल्यूम शून्यावरही जोर तोच राहतो, यातच तुमचं अर्धं उत्तर आहे. शिट्टी गाण्याबरोबर येत नाही, फोनच्या पुढे कुठेतरी शिरते. इंजिन चालू ठेवून फक्त चार्जिंगची पिन काढा. शिट्टी गेली तर अर्थ लूप. फोनचा अर्थ हेडलाईटपाशी, ॲम्पचा सीटखाली आणि दोघांना जोडणारी ऑक्स केबलची वरची जाळी (शील्ड). फ्रेममधून हेडलाईटचा, कॉइलचा, सगळ्यांचाच करंट परत जात असतो, त्यामुळे त्या दोन बोल्टांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. ॲम्पला तेच गाणं वाटतं आणि तो ते मोठं करून ऐकवतो.

पिन काढूनही राहिली तर ऑक्स केबल ॲम्पपासून सोडवा. तरीही वाजत असेल तर मग पॉवर लाईन. फिल्टरचा विचार तेव्हा करा, आणि चोक (फिल्टरमधली कॉइल) घेताना तो ॲम्पचा पूर्ण करंट पेलणारा हवा. छोटा घातलात तर तापेल आणि ठेक्याला व्होल्टेज पाडेल.

प्रतिसाद २

बेसचं दुखणं इलेक्ट्रिकल नाही. वाऱ्याच्या गोंगाटातली बरीचशी ताकद खालच्या फ्रिक्वेन्सीत असते, तोच तुमची ढोलकी गिळतो. वॅट वाढवून फार हाती लागणार नाही. 50 चा 100 वॅट केला तरी वाढ फक्त 3 डेसिबल. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो किती मोठा वाजतो, ते बघा. 86 ऐवजी 92 डेसिबलचा स्पीकर लावला तर तोच ॲम्प चौपट वॅटचा असल्यासारखा वाजतो.

स्पीकरची मागची बाजू उघडी आहे हे मला सर्वात खटकलं. पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. दोन्ही बाजूंची हवा मिळाली की बेस जागच्या जागी मरतो. मागे बंद डबा करा, फेअरिंगशी जोड फोमच्या गॅस्केटने घट्ट करा, आणि तोंड छातीकडे न ठेवता हेल्मेटच्या दिशेने वळवा. मग ॲम्पवर हाय-पास (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचे सूर अडवणारा फिल्टर) 120 ते 150 हर्ट्झला लावा. बेस हवा असताना बेस कापायला सांगतोय हे उलटं वाटेल, पण 4 इंची पडद्याला 60 हर्ट्झ झेपत नाही. तो उगाच लांब हलतो आणि बाकीचे सूर फाडतो. ते ओझं काढलं की 150 ते 300 चा पट्टा मोकळा वाजतो, आणि रस्त्यावर कानाला बेस म्हणून पोचतो तो तेवढाच.

आणखी एक, मनापासून सांगतो. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेच्या संस्थेची शिफारस आठ तासांसाठी 85 डेसिबल अशी आहे, आणि पुढच्या दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. त्यावर संगीत चढवत राहू नका. उंच काच लावून वारा कमी केलात तर व्हॉल्यूम आपोआप खाली येईल.

प्रतिसाद ३

शिट्टीखेरीज आयडलिंगला टक-टक ऐकू येते का? ती इग्निशनची. प्लग रेझिस्टरवाला आहे का बघा. एनजीकेच्या बीपीआर६ईएस मधला आर म्हणजे तोच. गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच नंबर घाला.

धागाकर्ता

मनापासून आभार. इंजिन चालू ठेवून चार्जिंगची पिन काढली आणि शिट्टी त्याच क्षणी गेली. परत लावली, परत आली. मग ॲम्पचा अर्थ फ्रेमवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला दिला, यूएसबी सॉकेटच्या दोन्ही वायरी फ्यूज आणि रिले घालून बॅटरीवरूनच नेल्या, आणि ऑक्स वायरिंगच्या गठ्ठ्यातून सोडवून टाकीच्या दुसऱ्या बाजूने घेतली. आता चार्जिंग चालू असतानाही शिट्टी जवळपास नाहीशी झाली आहे. हेल्मेट काढून स्पीकरला कान लावला तर वरच्या रेसला किंचित सूं ऐकू येते. टक-टक नाही.

हाय-पास 130 ला लावला. फाटणं थांबलं, आणि आवाज पूर्वीपेक्षा भरीव वाटतो, हे मला खरंच अपेक्षित नव्हतं. डबे अजून केलेले नाहीत. राहिलेल्या सूंसाठी ऑक्सच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थ लूप तोडणारा डबा) लावू का?

प्रतिसाद १

लावता येईल, पण त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि हलक्या दर्जाचे खालचे सूर खातात. आधी ॲम्पचा गेन (आत आलेला सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) कमी करा आणि फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ वरपर्यंत न्या. गाण्याचा सिग्नल ॲम्पमध्ये शिरतानाच जोरात असला की ती सूं खाली दबते. सध्या गेनचा नॉब कुठे आहे?

धागाकर्ता

पाऊण फिरवलेला आहे, बसवणाऱ्याने तसाच ठेवला होता. निम्म्यावर आणून बघतो. डब्यांबद्दल मात्र सांगा: फेअरिंगमध्ये जागा कमी आहे, जेमतेम दीड लिटरचा डबा बसेल. 4 इंची स्पीकरला तेवढा पुरेल का, आणि आत पॉलिस्टरचा कापूस भरायचा तर किती?