एचबीएवनसी खाली आलं, क्रिएटिनिन वर गेलं. खूश व्हायचं का?

निशाचर:
बाबांचे रिपोर्ट आले. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.४ होतं ते सहा महिन्यांत ६.५, आणि खरं सांगू तर पथ्य काही वाढलेलं नाही, चालणं उलट कमी झालंय कारण दम लागतो. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढतं ते) मात्र १.४ वरून २.१. घरी सगळे खूश, मलाच खटकतंय, कारण घरच्या शुगर मीटरवर उपाशीपोटी १६० आणि जेवणानंतर २३० येतंच.

आपला_बंड्या:
सातच्या खाली म्हणजे मस्त की! किडनी सेफ. टेन्शन नका घेऊ.

लॅबवाली:
बंड्याभाऊ, थांबा जरा. निशाचर, हिमोग्लोबिन किती आहे? एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तो दोन-तीन महिन्यांचा हिशोब धरतात. किडनी बिघडली की पेशी लवकर मरतात, त्यात रक्तवाढीचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू असेल तर नव्याकोऱ्या पेशीच जास्त, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, मग आकडा खोटाच कमी दिसतो. ६.५ म्हणजे सरासरी १४० धरतात, तुमचं तर उपाशीपोटीच १६० आहे!

निशाचर:
बापरे. हिमोग्लोबिन ८.९. आणि तेच इंजेक्शन दोन महिन्यांपासून चालू आहे, दर आठवड्याला. मग फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या प्रोटीनला चिकटलेल्या साखरेची तपासणी) करू का?

लॅबवाली:
लघवीतून प्रोटीन जात असेल तर तेही फसवतं. सध्या मीटरच भरवशाचा.

जुना_गोडघाशा:
लघवीचं एसीआर (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातं ते) केलंय का ते सांगा आधी. ३० च्या आत ठीक, ३०० च्या वर म्हणजे प्रकरण गंभीर. किडनी फेल व्हायचा धोका त्यात आणि इजीएफआरमध्ये (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) दिसतो, नुसत्या एवनसीत नाही. माझं एवनसी ६.८ होतं म्हणून मी फुशारक्या मारायचो, लघवीला फेस यायचा तो फ्लश करून मोकळा, आणि एसीआर ४१० चा कागद फाइलमध्ये सगळ्यात मागे खुपसलेला.
अजून एक, किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे कधीकधी शुगर खरोखरच खाली येते. मला पहाटे घामाने बनियन भिजायचं, मीटरवर ५४. गोळीचा डोस जुनाच चालू होता ना! बाबांना असं काही होतं का विचारा, आणि डोस मनाने बदलू नका.

निशाचर:
घामाचं आत्ताच विचारलं, नाही म्हणाले. एसीआर कुठल्याच रिपोर्टमध्ये नाहीये, उद्या सकाळचा नमुना देतो. मीटरची वही घेऊन गुरुवारी डॉक्टरकडे जातोय.