शब्दचर्चा : डीनॉइज, मास्क, डीहेझ, साइडकार यांना मराठीत काय म्हणावं?

कोराकागद :
छायाचित्रण मंडळासाठी रॉ फाइलींच्या (कॅमेऱ्याने नोंदवलेल्या, संस्कार न झालेल्या चित्रांच्या) प्रक्रियेची मराठी टिपणवही तयार होते आहे. लाइटरूम क्लासिक आणि डार्कटेबल या दोन्ही सॉफ्टवेअरांत अलीकडे आलेल्या सोयी त्यात घ्यायच्या आहेत. रॉ, जेपेग, हिस्टोग्राम, आयएसओ हे शब्द तसेच राहतील, त्यावर वाद नाही. अडलेले शब्द असे : डेव्हलप, डीनॉइज, हायलाइट क्लिपिंग, मास्क (आणि त्यातलं इंटरसेक्ट), टेक्स्चर-क्लॅरिटी-डीहेझ ही तिकडी, साइडकार आणि जनरेटिव्ह रिमूव्ह. तात्पुरते लिहून ठेवलेले प्रतिशब्द : विकसन, गोंगाट-निवारण, ठळकभाग-कर्तन, मुखवटा, छेदन, स्पष्टता, धुकेहरण, पार्श्वयान. वाचताना सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. सुचवा.

लालदिवा :
‘पार्श्वयान’ आधी खोडा, मग बोलू.

‘विकसन’ही नको. मराठीत रोल कधी विकसित झाला नाही, तो धुतला गेला. ‘रोल धुवायला टाकलाय’, ‘फोटो धुऊन आले का?’ ही स्टुडिओतली आणि घरातली भाषा. डेव्हलपर, फिक्सर आणि पाणी या तिन्ही टप्प्यांना मिळून ‘धुणे’. ‘रॉ धुणे’ असं सरळ लिहा. ज्यांनी फिल्म पाहिलेली नाही त्यांनाही क्रियापद कळेल.

पिक्सेलपंत :
शब्द आवडला, पण एक अडचण. धुतलेला रोल परत न धुतलेला करता येत नाही. रॉमध्ये केलेला प्रत्येक बदल ही फक्त लिहून ठेवलेली सूचना असते, मूळ फाइलीला हात लागत नाही. त्या अर्थाने हे काम निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याच्या जवळचं आहे : निगेटिव्ह एक, प्रिंट हव्या तितक्या, प्रत्येक वेगळी. बोलताना ‘धुणे’ चालेल. टिपणवहीत ‘रॉवर संस्कार करणे’ आणि एक्स्पोर्टला ‘प्रत काढणे’ लिहावं. एक्स्पोर्टला ‘निर्यात’ लिहिलंत तर कांद्याची आठवण येते.

सह्यछाया :
‘गोंगाट’ बाद. नॉइज हा शब्द ध्वनितंत्रातून आला म्हणून मराठीतही कानाचाच शब्द घ्यायचं कारण नाही. हा दोष डोळ्याला दिसतो, आणि दिसतो तो रवाळ. तूप रवाळ, गूळ रवाळ, तसा फोटो रवाळ. ‘रवाळपणा’ घ्या. ‘दाणा’ मात्र फिल्मच्या ग्रेनसाठी राखून ठेवा. लाइटरूममध्ये ग्रेन नावाची वेगळी पट्टी (सरकवायचा स्लायडर) आहे, ती मुद्दाम दाणा घालते. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ‘दाणा काढा आणि मग दाणा घाला’ असं वाक्य तयार होईल.

रवाळपणा कशाने येतो तेही टिपणवहीत एका परिच्छेदात द्या, नाहीतर लोक सगळा दोष आयएसओला (कॅमेऱ्यात उजळपणा वाढवणाऱ्या आकड्याला) देतात. मुख्य कारण अपुरा प्रकाश. संवेदकाच्या एका चौकटीत (पिक्सेलमध्ये) सरासरी १०,००० प्रकाशकण पडले तर त्यातली स्वाभाविक चढउतार सुमारे १०० ची, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडले तर चढउतार १० ची, म्हणजे १० टक्के. आयएसओ वाढवल्याने हे प्रमाण बिघडत नाही. आयएसओ वाढवून आपण शटर जलद करतो किंवा भिंगाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करतो, तिथे कण कमी पडतात. म्हणून आयएसओ १०० वर मुद्दाम काळपट काढलेला फोटो नंतर ४ स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) उजळला तर सावल्यांत तोच रवा उठतो, काही कॅमेऱ्यांत जास्तच.

कोराकागद :
‘रवाळपणा’ घेतला. मग डीनॉइजला ‘रवा काढणे’? स्वयंपाकघरात गेल्यासारखं होतंय. आणि जुनं नॉइज रिडक्शन व नवं डीनॉइज यांना दोन शब्द लागतील का?

सह्यछाया :
शब्द एकच पुरे, ‘रवाळपणा घालवणे’. फरक ‘पट्टीने’ आणि ‘एआयने’ असा दाखवा. फरक समजून सांगणं मात्र गरजेचं, कारण तिथेच चुका होतात.

संवेदकावरच्या रंगगाळण्यांच्या बेयर रचनेत दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. प्रत्येक चौकट एकच रंग मोजते, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. हे डीमोझेइक. त्यात एका चौकटीतला रवा शेजारच्या चौकटींत पसरतो आणि बारीक ठिपक्याचा मोठा डाग होतो. डाग झाल्यावर तो खऱ्या तपशिलापासून वेगळा करणं अवघड. म्हणून डीएक्सओच्या फोटोलॅबमध्ये २०२० साली आलेलं डीपप्राइम आणि लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेलं डीनॉइज, दोन्ही रवा काढण्याचं काम रंग भरण्याच्या टप्प्यावरच उरकतात. लाइटरूमचं डीनॉइज आलं तेव्हा जेपेगवर चालत नव्हतं त्याचं कारणही हेच : जेपेगमध्ये मूळ चौकटी उरलेल्याच नसतात.

करताना क्रम असा. डीनॉइज सगळ्यात आधी, कारण आकाश किंवा व्यक्ती ओळखून तेवढाच भाग बदलू देणारे मास्क आणि डाग बुजवणं त्याच्यावर अवलंबून असतं. पट्टी मुळात ५० वर येते. चेहऱ्यासाठी ३० ते ४० वर थांबा, वर गेलं की त्वचा मेणचट होते आणि पापण्या एकमेकींना चिकटतात. सुरुवातीच्या आवृत्त्यांत दरवेळी नवी डीएनजी (रॉचाच एक प्रकार) फाइल तयार व्हायची, मूळ रॉच्या कित्येक पट मोठी. २०२५ मधल्या आवृत्तीपासून तो बदलही सूचनेसारखाच नोंदला जातो. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना डिस्कची जागा आधी बघायला सांगा.

मोडीवाचक :
क्लिपिंगला, म्हणजे अति उजेडाने तपशील जाण्याला, ‘कर्तन’ म्हटलं तर लोक क्रॉप समजतील. बोलीत ‘आकाश उडालं’ असं म्हणावं. रंग उडतो, तसा तपशील उडाला. अर्थ बरोबर बसतो : होतं ते गेलं.

लालदिवा :
‘उडालं’ला अनुमोदन. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टिपणवहीत ‘बर्न झालं’ हा प्रयोग येऊ देऊ नका. आपल्याकडे आकाश पांढरंफटक पडलं की ‘बर्न झालं’ म्हणतात. डार्करूममधला बर्न नेमका उलटा. प्रिंटच्या एखाद्या भागावर जास्त वेळ प्रकाश टाकला की कागद तिथे काळा होतो, तो बर्न. हात किंवा पुठ्ठा धरून प्रकाश अडवला की भाग उजळ राहतो, तो डॉज. फोटोशॉपची दोन्ही हत्यारं याच अर्थाने चालतात. नवशिक्याला ‘आकाश बर्न झालंय’ सांगितलं आणि पुढच्या पानावर ‘आकाश बर्न करा’ लिहिलं, तर तो वही मिटेल.

पिक्सेलपंत :
‘उडालं’ला एक पोटभेद जोडा : ‘पुरतं उडालं’ आणि ‘अर्धवट उडालं’. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या. दिवसाच्या उजेडात हिरवी चौकट सहसा सगळ्यांआधी वरच्या पायरीला टेकते, लाल-निळ्यात तेव्हा जागा शिल्लक असते. हे अर्धवट उडणं. उरलेल्या रंगांवरून सॉफ्टवेअर हिरव्याचा अंदाज बांधतं आणि ढग परत येतो. तिन्ही टेकले की पुरतं उडालं, तिथे पट्टी ओढून फक्त राखाडी मिळतो.

अर्धवट उडालेला भाग नीट हाताळला नाही तर गुलाबी-जांभळट डाग पडतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल साधणारी सोय) लाल आणि निळ्याला गुणून वर नेतो, हिरवा मात्र टेकलेल्या जागीच अडकतो, म्हणून. डार्कटेबलमध्ये असं दिसलं तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (उडालेले भाग सावरणारी सोय) चालू आहे का ते बघा. ४.२ पासून तिथे ‘इनपेंट ऑपोज्ड’ ही पद्धत मुळातच निवडलेली असते आणि बहुतेक वेळा तीच पुरते.

आणखी एक. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उडालेला भाग दाखवणारी लुकलुक आतल्या जेपेगवरून ठरते. तिथे उडालेलं रॉमध्ये शाबूत असू शकतं. लाइटरूममध्ये ‘J’ ही कळ दाबून लाल-निळी खूण बघा. व्हाइट्सची पट्टी ऑल्ट धरून ओढली की कोणता रंग टेकलाय तेही कळतं.

कोराकागद :
मास्कसाठी ‘झाकण’ लिहावं का? मुखवटा तर नाहीच.

मोडीवाचक :
‘झाकण’ने उलटा गोंधळ होईल. फोटोशॉपच्या क्विक मास्कमध्ये लाल रंग म्हणजे झाकलेला, सुरक्षित भाग. लाइटरूममध्ये लाल रंग म्हणजे जिथे बदल होणार तो भाग. एका कंपनीच्या दोन सॉफ्टवेअरांत एकच लाल, अर्थ विरुद्ध. रांगोळीच्या छाप्यासारखं समजावा : भोक आहे तिथून रंग पडतो, बाकी कोरं. शब्द मात्र ‘मास्क’च राहू दे, करोनानंतर तो खेड्यापाड्यांत पोचलाय.

इंटरसेक्टला आपल्याकडे तयार शब्द आहे. शाळेच्या गणितात संयोग संच आणि छेद संच शिकवतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये लाइटरूमचे मास्क नव्याने बांधले गेले तेव्हापासून बेरीज, वजाबाकी आणि छेद ही संचांचीच गणितं आहेत. ‘मिळवा, वजा करा, सामाईक ठेवा’ असं लिहा. ‘छेद’ म्हटलं की अर्ध्यांना अपूर्णांक आठवतो आणि अर्ध्यांना भोक.

सह्यछाया :
‘सामाईक ठेवा’ला उदाहरण लागेल, ते असं द्या. फक्त उजळ ढग दाबायचे, निळं आकाश तसंच ठेवायचं. आकाशाचा मास्क घ्या. मास्कच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर जाऊन इंटरसेक्ट, त्यात ल्युमिनन्स रेंज (उजळपणावरून निवड). ठिबक-हत्याराने (आयड्रॉपरने) ढगाच्या उजळ भागावर टिचकी, मग पट्ट्याचं खालचं टोक सावकाश उतरत जाऊ द्या, एकदम तोडू नका. हायलाइट्स उणे ४०, एक्स्पोजर फार तर उणे अर्धा स्टॉप.

डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटली तर मास्क कडेपर्यंत पोचलेला नाही असं समजा. कडेवर बारीक मऊ ब्रश मिळवा किंवा परिणामच कमी करा. फांद्यांमधलं आकाश हमखास सुटतं, ते कलर रेंजने (रंगावरून निवडून) मिळवावं लागतं.

लालदिवा :
तिकडीतल्या टेक्स्चरला ‘पोत’, यात चर्चेला जागाच नाही. कापडाचा पोत, त्वचेचा पोत. २०१९ साली ही पट्टी आली तेव्हापासून इतका चपखल शब्द रिकामा बसला होता. शार्पनिंगला ‘धार’. क्लॅरिटीला ‘स्पष्टता’ लिहिणं दिशाभूल करणारं आहे. ती मधल्या छटांमधला स्थानिक फरक वाढवते, चित्राला उठाव आणते. ‘उठाव’च म्हणा.

पिक्सेलपंत :
सहमत, आणि तिघांचा फरक आकाराने सांगा : धार कडांवर आणि अगदी बारीक रेषांवर, पोत त्याहून थोड्या मोठ्या तपशिलावर, उठाव मोठ्या पट्ट्यांवर. म्हणून म्हाताऱ्या चेहऱ्यावर उठाव +४० दिला की डोळ्यांखाली खड्डे पडतात, पोत +२० तेवढं करत नाही. धारेला मास्किंगची पट्टी आहे, ती मुळात शून्यावर असते. ऑल्ट धरून ओढा, पांढरं दिसेल तिथेच धार लागेल. आकाश काळं होईपर्यंत ओढलं की आकाशातल्या रव्याला धार लागत नाही.

कोराकागद :
डीहेझला ‘मळभ काढणे’ फार सुंदर वाटतंय.

सह्यछाया :
सुंदर आहे, पण चूक. मळभ वर आभाळात असतं आणि उजेड कमी करतं. हेझ कॅमेरा आणि विषय यांच्या मध्ये असतं आणि उजेड वाढवतं : हवेतले कण सूर्यप्रकाश विखरून कॅमेऱ्याकडे पाठवतात, त्यामुळे लांबचे काळे भाग राखाडी होतात. जितकं अंतर, तितका पडदा जाड. ‘धुरकट’ हा विशेषण-शब्द नेमका आहे, तर ‘धुरकटपणा काढणे’ लिहा. ‘धुकं’ नको, दाट धुक्यामागचा तपशील फोटोत आलेलाच नसतो, तो कोणतीही पट्टी आणत नाही.

अंतराचा हा मुद्दा कामालाही येतो. कोकणकड्यावरून काढलेल्या फोटोत पायाजवळचा कातळ धुरकट नसतो, खालची दरी असते. सगळ्या फोटोवर +४० दिलं की कातळ काळाकुट्ट आणि कोपरे अंधारे. उतरता मास्क वरून दरीपर्यंत ओढा, त्यात +१५ ते +२५, आणि सॅच्युरेशन थोडं मागे घ्या, कारण ही पट्टी रंगही भडक करते. डोंगरांच्या मागच्या-मागच्या रांगा फिक्या होत जातात तीच अशा चित्राची खोली. ती घालवायची असेल तर फोटो काढायला तिथवर जायची गरज नव्हती, असं माझं मत.

मोडीवाचक :
साइडकार म्हणजे रॉवरचे बदल लिहून ठेवणारी, शेजारी राहणारी छोटी फाइल. तिला ‘जोडफाइल’. कचेरीत जोडपत्र असतं तसंच हे, मूळ अर्जाशिवाय निरुपयोगी. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये नुसत्या रॉचं नाव बदललं की जोडफाइल अनाथ होते, म्हणून नावं सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला. लाइटरूम मूळ विस्तार (फाइलीच्या नावाचं शेपूट) काढून तिथे एक्सएमपी लावतं, डार्कटेबल मूळ विस्तार ठेवून पुढे एक्सएमपी जोडतं, त्यामुळे एकाच फोल्डरात दोघांच्या जोडफाइली शेजारी-शेजारी दिसतील. त्यांतली एकही पुसू नका. लाइटरूममध्ये जोडफाइल आपोआप लिहिण्याची सोय कॅटलॉग (लाइटरूमची स्वतःची नोंदवही) सेटिंग्जमध्ये चालू करावी लागते, किंवा कंट्रोल-एस. व्हर्च्युअल कॉपीवरचं (फाइल न वाढवता केलेल्या दुसऱ्या आवृत्तीवरचं) काम मात्र जोडफाइलीत उतरत नाही, ते फक्त कॅटलॉगमध्ये राहतं.

कोराकागद :
उरला जनरेटिव्ह रिमूव्ह. ‘पुसणे’?

लालदिवा :
डाग बुजवणाऱ्या हील या हत्याराला ‘रफू’ म्हणा : शेजारचेच धागे घेऊन भोक बुजवणं. मे २०२४ मध्ये आलेलं जनरेटिव्ह रिमूव्ह हे रफू नाही, ते नवं कापड विणतं. त्या जागी जे नव्हतंच ते रचून भरतं, म्हणून ‘रचून भरणे’. वेगळा शब्द हवाच, कारण वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत रचून भरलेलं चालत नाही. तुमच्या मंडळाच्या स्पर्धेच्या नियमांतही हाच शब्द वापरता येईल.

सह्यछाया :
आणि त्याखाली एक ओळ : माणूस काढताना त्याची सावली आणि पाण्यातलं प्रतिबिंबही निवडीत घ्या. सावली बाहेर राहिली तर सॉफ्टवेअर तिला साजेसा दुसरा माणूस उभा करतं.