८के टीव्ही नाशिककर घेतील का? मला तरी वाटत नाही

इंदिरानगरची वहिनी
दिवाळीत धाकटा दीर कॉलेज रोडच्या दुकानातून आला तो ८के टीव्हीचं, म्हणजे ४के च्या चौपट ठिपक्यांच्या पडद्याचं, खूळ डोक्यात घेऊनच. "वहिनी, एकदाच घ्या, दहा वर्षं बघायला नको." आमच्या हॉलमध्ये सोफा ते भिंत दहा फूट. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं दिसतं. त्या मापाने ५५ इंची पडद्यावर ४के चे ठिपके ओळखायला साडेतीन फुटांवर जावं लागतं, ८के चे ओळखायला दोन फुटांच्या आत. मग दहा फुटांवरून ४के चे ३८४० गुणिले २१६० ठिपके काय नि ८के चे ७६८० गुणिले ४३२० काय! कष्टाचे पैसे न दिसणाऱ्या ठिपक्यांवर जाऊ नयेत, म्हणून कळकळीने लिहितेय.

मखमलाबादकर
वहिनी, हिशेब बरोबर, पण तुम्ही ५५ इंचांवरच थांबलात. आमच्याकडे २१ इंची डबा होता, मग ३२ आला, आता ५५ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या सेटचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. उद्या ८५ इंच घरोघरी दिसेल, तेव्हा ८के लागेलच. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ लाच ८के वाहिनी सुरू केली. आपण नेहमी मागून येतो, पण येतो.

इंदिरानगरची वहिनी
८५ इंच घेतला तरी फरक कळायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागेल, दादा. एवढ्या पडद्याला नाक लावून कोण बसतं?

सिडकोचा केबलवाला
वीस वर्षं घरोघरी वायर ओढतोय, म्हणून बोलतो. १९८२ ला एशियाडच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं, मग लोकांनी रंगीत सेट घेतले. नाशिकला अ‍ॅनालॉग केबल बंद करून सेट-टॉप बॉक्स लावायची मुदत ३१ मार्च २०१३ होती. वर्षभर "बॉक्स नको" म्हणणारे शेवटच्या आठवड्यात माझ्या दारात उभे. दोन्ही वेळा आधी वरून येणारं चित्र बदललं, मागून घरातला सेट. ८के चं सगळं उलटं चाललंय. माझ्या लाइनवर आजही कितीतरी वाहिन्या साध्या एसडीत, म्हणजे कमी ठिपक्यांच्या चित्रात, येतात. सेट घेऊन त्यात बघणार काय?

मखमलाबादकर
साधं चित्रही सेटमधली चिप सुधारून दाखवते की. मी दुकानात शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय, फरक जाणवतो.

सातपूरहून
दुकानात तुम्ही हातभर अंतरावर उभे असता आणि वर दुकानाचा खास व्हिडिओ चालू असतो. आम्ही २०१२ ला असंच भुलून थ्रीडी सेट घेतला. चष्मा लावून अर्ध्या तासात आईचं डोकं ठणकायचं. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी सोडूनही दिलं. चष्मे अजून कपाटात आहेत. आणि क्रिकेटमध्ये चेंडू पुसट दिसतो, त्याचा ठिपक्यांशी संबंध कमी. सेकंदाला किती चित्रं येतात, ते बघा.

मखमलाबादकर
थ्रीडीला चष्मा लागायचा, याला काही लागत नाही. ही तुलना मला पटत नाही. भाव उतरले की मी घेणार.

इंदिरानगरची वहिनी
घ्या, पण आधी टेपने अंतर मोजा. दिराला मी तेच करायला लावलं. शेवटी ४के ठरला आणि वाचलेल्या पैशांत साउंडबार. पातळ सेटच्या मागच्या स्पीकरमधून सासूबाईंना संवाद नीट कळत नव्हते. काल पहिल्यांदाच त्यांनी "काय म्हणाला गं तो?" असं विचारलं नाही.