मदत हवी आहे: ईआरपी आलं, पण हिशेब अजून दिवाणजींच्या वहीतच

आयर्विन_पूल: मार्केट यार्डात बेदाण्याची अडत, कुपवाडला कोल्ड स्टोरेज. आयटीचं मी एकटा बघतो. ईआरपी (साठा, विक्री, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेऊन सहा महिने झाले, कोणी वापरत नाही. मालक माझ्यावर चिडलेत. सोमवारी मीटिंग आहे. लवकर सांगा.

तासगावकर: वापरत का नाहीत? नेमकं अडतंय कुठं?

मिरज_जंक्शन: टॅली घ्या नि मोकळे व्हा. आमच्या हळदीच्या दुकानात बारा वर्षं तेच चालतंय.

करसल्ला: उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीचं ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे. आधी ते बघा.

आयर्विन_पूल: ते चालू आहे, प्रश्न तो नाही. १२० पेट्यांचा लॉट विकला, व्यापारी आज ४० उचलतो. उरलेल्या ८० त्याच रॅकवर, पण भाडं आता व्यापाऱ्याच्या नावावर. सॉफ्टवेअरमध्ये मालाचा मालक बदलताच येत नाही. दिवाणजी चिठ्ठीच्या मागं लाल पेन्सिलनं लिहितात, तेवढंच खरं.

एमबीए_सातारा: जेरी लुफ्टमन या अमेरिकन संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कंपन्या बघून १९९९ साली हेच मांडलं होतं. आयटी आणि धंद्याची माणसं एकमेकांच्या जवळ नसतात, आयटीला धंदा कळत नाही, हे मोठे अडथळे.

तासगावकर: अमेरिकेतल्या कंपन्या राहू देत. सॉफ्टवेअर ठरवताना दिवाणजी होते का?

आयर्विन_पूल: नाही. मालकांचा मुलगा, सीए आणि मी. डेमो पुण्यात झाला.

बागायतदार: त्यापेक्षा सौद्यातली (लिलावातली) उधळण बंद करा. पेटी फोडून मूठमूठ बेदाणा खाली जातो, तो आमच्याच पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) कापता. ते कुठल्या सॉफ्टवेअरात धरता?

मिरज_जंक्शन: काका, विषय वेगळा आहे.

आयर्विन_पूल: वेगळा नाही. सॉफ्टवेअर पेटी १५ किलोचीच धरतं, सौद्यानंतर कमी भरते. दिवाणजी तूट हातानं लिहितात. पट्टी जुळत नाही ती इथंच. काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तासगावकर: मग सोमवारी दिवाणजींना सोबत ने. लाल पेन्सिलच्या चिठ्ठ्या मालकांसमोर ठेव. मोठा बदल दिवाळीच्या सुमारास सौदे बंद असतात तेव्हा कर, चालू सौद्यात हात घालू नको.

मिरज_जंक्शन: टॅलीत तूट टाकता येते, एवढंच सांगतो.

आयर्विन_पूल: उद्या सकाळी सौद्यात दिवाणजींशेजारीच बसतो. चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्यात.