खुंटे ठोकल्यावर ग्रामसभा घेऊन काय उपयोग?

बांधावरून
सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावावरून 400 केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची विजेची लाईन जायची आहे. परवा चावडीत बैठक झाली. नकाशा लावला, चहा झाला आणि साहेबांचं पहिलंच वाक्य : "मोबदल्याबद्दल कुणाला काही विचारायचंय?" लाईन कुठून न्यावी हा विषयच नाही. टॉवरच्या जागा दाखवणारे लाल खुंटे तर महिनाभर आधीपासून रानात उभे होते.

400 केव्हीला 46 मीटर रुंदीचा पट्टा धरतात. शेतावरून 300 मीटर तार गेली, की सुमारे 136 गुंठे, म्हणजे जवळजवळ साडेतीन एकर त्याखाली येतात. ऊस, गहू घ्या. घर बांधायचं नाही, आंबा-नारळ लावायचा नाही. सातबारा मात्र आपल्याच नावावर!

धरण-खाणीला जनसुनावणी असते. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पारेषण लाईनीच नाहीत, म्हणून आम्हाला तीही नाही. माझं म्हणणं, नकाशावर नुसती पेन्सिलची रेघ असतानाच गावात या, ग्रामसभा घ्या.

निवृत्त पारेषणवाला
उभी नोकरी लाईनीच्या सर्व्हेत गेली, म्हणून लिहितो. "कुणी विचारलंच नाही" हे पूर्ण खरं नाही. वीज कायद्याच्या कलम 164 खाली लोकांच्या रानातून लाईन न्यायचे अधिकार घेताना जाहिरात द्यावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने असतात. तेव्हा कोणी फिरकत नाही, खुंटा दिसला की सगळे जागे होतात.

लाईन सरळ असली तर टॉवर हलका लागतो. वळली की अँगल टॉवर आला, त्याला तारांचा तिरका ताण पेलायचा असतो. लोखंड जास्त, काँक्रीट जास्त. प्रत्येक गावाच्या म्हणण्यावर एक वळण दिलं तर तो खर्च शेवटी वीजबिलातच येणार.

आणि पेन्सिलची रेघ दाखवली की काय होतं तेही पाहिलंय. आठ दिवसांत रेघेखाली दोन शेड, एक बोअर आणि रातोरात लावलेली आंब्याची रोपं.

बांधावरून
साहेब, ती जाहिरात मी नंतर शोधून वाचली. त्यात गावांची नावं होती, गट नंबर एकही नव्हता. गावाच्या नुसत्या नावावर हरकत काय घेणार? रातोरातच्या रोपांचं म्हणाल तर तारीख ठरवा. त्या दिवशी ड्रोनने चित्रीकरण करा, त्यानंतरचं शेड-झाड पंचनाम्यात धरू नका.

द्राक्षवाला
दादा, लाईन माझ्याही रानातून जाते, तरी मला तुमच्या ग्रामसभेचीच जास्त भीती वाटते. रेघ कुठून न्यायची हे गावाने ठरवायचं म्हणजे कुणी ठरवायचं? ज्यांची चाळीस एकर आणि चार पोरं सभेला, त्यांच्या बागा वाचतील. लाईन सरकत सरकत वस्तीवरच्या तीन घरांवर येईल. कंपनीचा माणूस निदान कुणाचा भावकीतला नसतो.

शहरातून
एवढा वाद कशाला? जमिनीखालून केबल न्या की. मुंबईत नेतातच ना?

निवृत्त पारेषणवाला
नेतात, पण मुंबईत ओव्हरहेडला जागाच नाही म्हणून. मुंबईला वीज आणणारी कुडूस-आरे ही 1000 मेगावॅटची लाईन घ्या. 80 पैकी सुमारे 50 किलोमीटर जमिनीखालून, तीही डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), म्हणजे नेहमीच्या एसी विजेचं डीसी आणि उलट करणारी स्टेशनं दोन्ही टोकांना आली. माळढोकासाठी राजस्थान-गुजरातमध्ये तारा जमिनीखाली घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये सांगितलं होतं. मार्च 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमावी लागली. शिवाय केबलच्या चरावरही आंबा लावता येत नाही.

मोलेजवळचा
आमच्या गोव्यातलं सांगतो. गोव्यात वीज आणणाऱ्या तमनार प्रकल्पाची 400 केव्ही लाईन मोलेच्या अभयारण्यातून नवा पट्टा तोडून जायची होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने सांगितलं, 220 केव्हीच्या जुन्या लाईनीचा पट्टा आहे तोच वापरा. हे आधी सुचलं नसतं का कुणाला? पण त्यासाठी लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं, कोर्टात जावं लागलं.

निवृत्त पारेषणवाला
मोलेचं मान्य. तिथे जुना पट्टा होता. सांगलीच्या बागायतीत असा रिकामा पट्टा दाखवा, मी स्वतः अर्ज लिहून देतो.

बांधावरून
पट्टा नाही, पण ओढा आहे, गायरानाची कड आहे. आमच्या आळीतल्या एका विहिरीवर टॉवरचा पाय येत होता. म्हाताऱ्याने सर्व्हेवाल्याला हाताला धरून नेऊन दाखवलं, तर तो टॉवर बांधावर सरकला. नकाशात ती विहीरच नव्हती. एवढंच मागतोय.

द्राक्षवाला
पैशाचं कुणी बोललं नाही. केंद्राच्या जून 2024 च्या सूचनांप्रमाणे टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के. राज्यातल्या लाईनींना ते राज्याने स्वीकारलं तरच.

साहेब, एक विचारतो. माझ्या बागेवर लोखंडी अँगलचा आणि तारांचा मांडव आहे. वरून 400 केव्ही गेली तर?

निवृत्त पारेषणवाला
मांडवाच्या तारांत इंडक्शनने, म्हणजे वरच्या तारांना न शिकताही, व्होल्टेज येतं. हात लावला की झटका जाणवतो, पावसाळ्यात गडी काम करायला घाबरतात. ओळींना ठिकठिकाणी अर्थिंग करून घ्या, म्हणजे मांडव तारेने जमिनीला जोडा. कंपनीकडून लेखी मागा, तार ओढायच्या आधी.

बांधावरून
हे बैठकीत एका माणसाने सांगितलं नाही.

निवृत्त पारेषणवाला
कुणी विचारलं नसेल.

द्राक्षवाला
विचारायला आधी ठाऊक पाहिजे ना साहेब. मी तर हिशेबच करत बसलो होतो. टॉवर शेजारच्या गटात, तारा माझ्या.